लाटसाहेबांनी नाकारलेली भेट

दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या पाचबत्ती चौकात आमच्या भागातली माणसे जमतात. शाळेची पोरे पांढरे सदरे घालून येतात, फुले वाहिली जातात, भाषणे होतात आणि पाऊस असला तर भाषणे थोडी आवरती घेतली जातात. १९४२ साली याच दिवशी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे, तिवारी ही आडनावे आमच्या पोरांना पाठ असतात. सातपाटी, मुरबे, नांदगाव, शिरगाव या गावांतून माणसे चिखल तुडवीत पायी आली होती. त्यांत दर्यावर जाणारे होते, मिठागरात राबणारे होते, शेतकरी होते. पाचबत्तीचे पाच दिवे त्या पाचांचे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी परत येताना वर्गातल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. मुलगा बोईसरचा, बाप तारापूरच्या वीजकेंद्रात कामाला. तारापूरचे ते पहिले केंद्र अमेरिकेच्या मदतीने उभे राहिले, हे त्याला घरी ऐकून ठाऊक होते. तो म्हणाला, "गुरुजी, अमेरिका तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होती ना? मग आपल्या माणसांना गोळ्या घातल्या तेव्हा अमेरिका काय म्हणाली?"

मास्तराला उत्तर येत नसले की तो म्हणतो, "छान प्रश्न आहे, उद्या सांगतो." मीही तेच म्हणालो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढचे जे काही आले ते शिकवता शिकवता आणि कादंबऱ्यांसाठी जुनी पुस्तके चाळता चाळता आले. तो उद्या उगवायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. ज्या माणसापाशी हा शोध येऊन थांबला त्याचे नाव विल्यम फिलिप्स. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा माणूस नाही. एका ओळीतही नाही.

फिलिप्स हा वकील होता. हा शब्द मी कोर्टातल्या अर्थाने वापरीत नाही. पेशवाईत ज्या अर्थाने वापरीत त्या अर्थाने वापरतो. दिल्लीला हिंगणे होते, निजामाकडे गोविंदराव काळे होते. परक्या दरबारी राहावयाचे, डोळे उघडे ठेवावयाचे, तोंड बहुधा मिटलेले ठेवावयाचे आणि रात्री दिव्याशी बसून धन्याला खरे काय ते लिहून पाठवावयाचे, हे वकिलाचे काम. धनी ते वाचील की नाही, वाचून मानील की नाही, हे वकिलाच्या हाती नसते. जगातल्या सगळ्या वकिलांची कहाणी थोडीफार अशीच.

फिलिप्सचा जन्म १८७८ सालचा, मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या बेव्हर्ली गावचा. घराणे जुने आणि सुखवस्तू. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेला वेंडेल फिलिप्स हा वक्ता याच घराण्यातला. मुलगा हार्वर्डला शिकला आणि १९०३ साली लंडनच्या अमेरिकन वकिलातीत राजदूत चोट यांचा खासगी चिटणीस झाला, तोही बिनपगारी! पगार न घेता नोकरी करणे ज्याला परवडते त्यानेच परराष्ट्रखात्यात जावे, असा तो काळ होता. पुढे पेकिंगला दोन वर्षे झाली. तेथून वॉशिंग्टनला परतल्यावर परराष्ट्रखात्यात अतिपूर्वेचा नवा विभाग निघाला आणि त्याचा पहिला प्रमुख फिलिप्स झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका जगाच्या कारभारात नुकती शिरत होती. तिला दफ्तरे हवी होती आणि दफ्तरे सांभाळणारी माणसे हवी होती. फिलिप्स त्या पहिल्या पिढीतला.

नंतरची चढण मी भराभर सांगतो, कारण ती सरळ आहे आणि सरळ चढणीत गोष्ट नसते. विल्सनच्या कारकीर्दीत परराष्ट्रखात्यात साहाय्यक सचिव. १९२० ते २२ हॉलंडात वकील. मग खात्याचा उपसचिव. मग बेल्जममध्ये राजदूत. १९२७ साली कॅनडात अमेरिकेचा पहिला वकील. १९३३ साली पुन्हा उपसचिव. १९३६ ते ४१ इटलीत राजदूत, म्हणजे मुसोलिनीच्या दरबारी. विल्सनच्या काळात त्याच वॉशिंग्टनमध्ये आरमार खात्यात एक तरुण साहाय्यक सचिव होता. त्याची आणि फिलिप्सची दोस्ती तेव्हा जमली. तो तरुण म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्ट. ही दोस्ती पुढे आपल्या गोष्टीत फार कामाची आहे.

येथवरचा फिलिप्स मला विशेष आवडला नाही, हे सांगून टाकतो. चांगले कपडे, चांगली जेवणे, चांगल्या घरांतल्या ओळखी. त्याची रोजनिशी पुढे संशोधकांनी वाचली, तेव्हा तीत ज्यू लोकांविषयी तुच्छतेचे उद्गार आढळले. १९३३ ते ३६ या वर्षांत, हिटलरच्या छळाने पळालेले ज्यू अमेरिकेच्या दारात परवाने मागत होते आणि ज्या खात्याने ती दारे घट्ट धरून ठेवली त्याच्या वरच्या खुर्चीत हा बसला होता. पुढे जानेवारी १९३९ मध्ये ज्यू निर्वासितांना आसरा द्यावा म्हणून रूझवेल्टचे पत्र घेऊन हाच माणूस मुसोलिनीकडे गेला आणि नकार घेऊन परतला. निरोप्याचे मन आणि निरोप यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही, हेच खरे.

तेव्हा हा काही बंडखोर नव्हता. वय चौसष्ट, केस पिकलेले, इंग्रज उमरावांत मिसळणारा, लंडनला आपले दुसरे घर समजणारा. रूझवेल्टने १९४२ च्या अखेरीस आपला व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून राजदूताच्या दर्जाने त्याला हिंदुस्थानात धाडले, तेव्हा लंडनला बहुधा हायसेच वाटले असेल. त्याआधी एप्रिल १९४२ मध्ये कर्नल लुई जॉन्सन हा रूझवेल्टचा माणूस दिल्लीत येऊन गेला होता. क्रिप्सच्या वाटाघाटी चालू असताना त्याने मधे हात घातला, तो चर्चिलसाहेबांना मुळीच रुचला नाही. जॉन्सन आजारी पडून परत गेला. फिलिप्स तसा नाही, तो आपल्यातला आहे, असा सगळ्यांचा समज होता.

फिलिप्स १९४३ च्या जानेवारीत दिल्लीला पोहोचला. काँग्रेसचे सारे पुढारी तेव्हा तुरुंगात. नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात. गांधीजी पुण्याच्या आगाखान महालात. त्या महालात महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला, म्हणजे आमच्या पालघरच्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी, हृदय बंद पडून गेले होते. वर्तमानपत्रांवर बंधने होती. अशा देशात फिलिप्स आधी व्हाइसरॉयचा पाहुणा झाला आणि मग बहावलपूर हाऊसमध्ये अमेरिकन वकिलातीत राहू लागला. तो राजांना भेटला, गव्हर्नरांना भेटला, बॅ. जीनांना भेटला, राजाजींना भेटला. तुरुंगाबाहेर जो जो भेटला त्याचे त्याने ऐकून घेतले. ऐकणे हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा होता.

आणि १० फेब्रुवारीला गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला.

या तीन आठवड्यांचा विचार करताना मी पुष्कळदा थांबतो. वय त्र्याहत्तर, शरीर आधीच झिजलेले. सरकारने ठरविले होते की म्हातारा मेला तर मेला, उपवासापुढे वाकावयाचे नाही. पुण्यात पहारे वाढले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले तीन हिंदी सभासद, होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपल्या वऱ्हाडातले माधव श्रीहरी अणे, यांनी गांधीजींना सोडीत नाही म्हणून १७ फेब्रुवारीला राजीनामे दिले. लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे शिष्य, वणीचे. सरकारी खुर्चीत बसले म्हणून त्यांना आपल्याच माणसांकडून पुष्कळ बोल ऐकावे लागले होते. ती खुर्ची कोणत्या दिवशी सोडावी हे त्यांना कळले. आपल्याकडे अणे यांच्या राजीनाम्याची आठवण ठेवावी तितकी ठेवली जात नाही.

लोक आता फिलिप्सकडे पाहू लागले. अमेरिकेचा मोठा वकील दिल्लीत बसला आहे. तो काही बोलेल, त्याचा अध्यक्ष काही बोलेल. फिलिप्सने वॉशिंग्टनला तारांमागून तारा केल्या. परराष्ट्रमंत्री हल यांनी त्याला कळविले की व्हाइसरॉयला आमची काळजी सांगा. तो लॉर्ड लिनलिथगो यांना भेटला. व्हाइसरॉयचे उत्तर थंड होते. हल यांनी वॉशिंग्टनमध्ये इंग्रज राजदूत हॅलिफॅक्स यांच्याशीही बोलणे केले. हॅलिफॅक्स म्हणजे आपले जुने लॉर्ड आयर्विन, ज्यांनी १९३१ साली गांधीजींशी करार केला होता. तेही हलले नाहीत. जाहीरपणे मात्र अमेरिकेने एक शब्द काढला नाही. मित्रराष्ट्राच्या घरगुती कारभारात बोलावयाचे नाही, युद्ध चालू आहे, असा हिशेब होता. फिलिप्सला हुकूम होता, गप्प बस. तो गप्प बसला.

त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आले. आमच्या माणसांना गोळ्या घातल्या तेव्हा अमेरिका काय म्हणाली? उघडपणे काहीच म्हणाली नाही.

३ मार्चला उपवास सुटला. म्हातारा मेला नाही. त्याच दिवशी फिलिप्सने रूझवेल्टला एक पत्र लिहिले. सर्व पक्षांच्या हिंदी पुढाऱ्यांची परिषद बोलवावी, राजाची आणि तुमची संमती तिला असावी, आणि तिचे अध्यक्षपद एखाद्या अमेरिकनाने घ्यावे, म्हणजे इंग्रजांच्या वचनावर विश्वास नसलेल्या लोकांना काही भरवसा वाटेल, असा त्याचा आशय. ही पत्रे अमेरिकन परराष्ट्रखात्याने पुढे छापून प्रसिद्ध केली आहेत. त्यांतली भाषा सभ्य, कोरडी, दफ्तरी आहे. तिच्याखाली हळूहळू चढत जाणारा राग ज्याला सरकारी कागद वाचावयाची सवय आहे त्यालाच दिसेल. रूझवेल्टला तो दिसला. आपल्या विश्वासू हॉपकिन्सला त्याने लिहिले की बिल फिलिप्ससारख्या माणसाने इतके जहाल लिहावे याचे नवल वाटते. मला त्या शेऱ्यात सारा फिलिप्स सापडला. जे वाक्य एखाद्या कम्युनिस्टाने लिहिले असते तर कोणी वाचले नसते, ते बेव्हर्लीच्या जमीनदाराच्या पोराने लिहिले म्हणून अध्यक्षाच्या भुवया वर गेल्या.

एप्रिलमध्ये परत जावयाची वेळ आली. फिलिप्सने गांधीजींना भेटू द्यावे अशी रीतसर परवानगी मागितली. लिनलिथगो यांनी नाही म्हटले. लिनलिथगोसाहेबांची गोष्ट बाजूनेही सांगता येईल. युद्ध, जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला, कैद्याला परक्या वकिलाने भेटणे म्हणजे त्याला पुन्हा गादीवर बसविणे. पण नकारानंतर जे झाले ते त्यांनी धरलेले नसावे. निघण्यापूर्वी फिलिप्सने वार्ताहरांना बोलावले आणि सांगितले की श्री. गांधींना भेटावयाची माझी इच्छा होती, मी परवानगी मागितली होती, ती देता येत नाही असे मला कळविण्यात आले. बस्स. एक विशेषण नाही. आपण मागितले आणि मिळाले नाही, एवढेच. दुसऱ्या दिवशी देशभर छापून आले. वर्षभर तोंड दाबलेल्या देशाला त्या तीन ओळी पुरल्या.

येथे मला माझी एक क्षुल्लक गोष्ट आठवते. एका सरकारी पाहणीच्या वेळी मला एका पाड्यावर धाडले होते. पाणी किती घरांना मिळते ते लिहावयाचे होते. मी जे पाहिले ते लिहिले. वरच्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत सांगितले, "गुरुजी, आकडा जरा गोल करा." मी तो गोल केला. कोणी मला गोळी घालणार नव्हते, नोकरीही जाणार नव्हती. तरी केला. फिलिप्सची ती वार्ताहर बैठक वाचताना त्या पाड्यावरच्या बाया, डोक्यावर हंडे, माझ्या समोर उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या पाड्यावर मी सहसा जात नाही.

अमेरिकेत परतल्यावर मे महिन्यात चर्चिल वॉशिंग्टनला आले होते. रूझवेल्टने मुद्दाम फिलिप्सला त्यांच्याकडे धाडले. स्वतः बोलण्यापेक्षा वकिलाला पुढे करणे राजांना बरे वाटते. चर्चिल खोलीत येरझाऱ्या घालू लागले. हवा तर घ्या तुमचा हिंदुस्थान, पण मी हे दार जराही उघडले तर जगाने पाहिला नसेल असा रक्तपात होईल, अशा अर्थाचे ते बोलले. आता १९४७ चा पंजाब ज्यांनी ऐकला आहे ते म्हणतील, चर्चिल खरे बोलले. मला तसे वाटत नाही. दार चार वर्षे दाबून धरले आणि मग एकदम सोडले, तर अंगावर काय येईल, याचा जबाबदार दार दाबणाराही असतो. पण हा वाद मोठा आहे आणि माझी जागा थोडी आहे.

१४ मे १९४३ ला फिलिप्सने अध्यक्षाला आपला शेवटचा अहवाल लिहिला. जपानशी लढताना हिंदुस्थान आमचा तळ होणार, पण या देशातले लोक या युद्धाला आपले मानीत नाहीत, त्यांच्यात मरगळ आहे. हिंदी सैन्य पोटासाठी लढणारे आहे आणि जनरल स्टिलवेललाही त्याची काळजी वाटते. बंगालमध्ये दुष्काळ पसरत चालला आहे. म्हणून इंग्रजांनी युद्धानंतर अमुक तारखेला स्वातंत्र्य देऊ असे स्पष्ट सांगावे, आणि आमची फौज तेथे असताना आम्हांला त्यात बोलावयाचा हक्क आहे, असा तो अहवाल. पोटासाठी लढणारे सैन्य हे शब्द मला खुपतात. ज्या सातारा-रत्नागिरीच्या पोरांनी आफ्रिकेत आणि इटलीत रक्त सांडले त्यांची बाजू दिल्लीच्या दिवाणखान्यात बसून त्याला कळली नाही. पण बंगालचा दुष्काळ त्याने पाहिला आणि लिहिला, जेव्हा लंडनला तो पाहावयाचाच नव्हता. पुढे तीस लाखांच्या आसपास माणसे त्यात गेली.

रूझवेल्टने काय केले? काही नाही. युद्ध जिंकावयाचे होते, चर्चिल हवे होते. कागद दफ्तरात गेला.

कागद दफ्तरात राहिला असता तर मी येथेच थांबलो असतो. पण २५ जुलै १९४४ ला ड्रू पिअर्सन नावाच्या पत्रकाराने तो अहवाल आपल्या स्तंभात उघडा केला. फिलिप्स तेव्हा लंडनला जनरल आयसेनहॉवर यांचा राजकीय सल्लागार होता. इंग्रज सरकार खवळले. दिल्लीहून परराष्ट्र सचिव ओलाफ कॅरो यांनी लंडनला तार केली की हा गृहस्थ हिंदुस्थानला पुन्हा नको. ती तारही फुटली! ऑगस्टच्या अखेरीस केंटकीचे सेनेटर चँडलर यांनी ती जाहीर केली. अमेरिकन काँग्रेसच्या एका सभासदाने तर चिडून ठराव आणला की वॉशिंग्टनमधले इंग्रज मंत्री कॅम्बेल आणि हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनाच आम्ही नको असलेले ठरवावे. बाजपेयी बिचारे! आपल्या देशाच्या बाजूने बोलणाऱ्या परक्याच्या रागात आपणच परके ठरावयाचे, हा इंग्रजी नोकरीतल्या हिंदी माणसाचा भोग. अणे यांना तो टाळता आला. तेही त्याच वर्षी, १९४३ साली, सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, पण राजीनाम्याचा दिवस त्यांच्या खात्यावर आधीच जमा होता.

त्या शरद ऋतूत फिलिप्स लंडनहून घरी परतला. खाते म्हणाले, त्याला निवृत्त व्हावयाचेच होते; इंग्रज म्हणाले, आम्ही कोणाला काढावयास सांगितले नाही. दोन्ही वाक्ये खरी असतील. पुढे १९४६ साली पॅलेस्टाइनच्या चौकशी समितीवर त्याला नेमले, तेव्हा ज्यू निर्वासितांचे तळ पाहण्याची पाळी त्याच्यावर आली. ज्या माणसाने कधी दार घट्ट धरले होते त्याला तेथे काय वाटले असेल, यावर एखादी कादंबरी लिहावी असे मला पुष्कळदा वाटते. १९५२ साली त्याने आपल्या वकिलीच्या आठवणी लिहिल्या.

तारापूरचे पुढचे सांगून टाकतो, कारण तो मुलगा तेथला. ८ ऑगस्ट १९६३ ला, चले जाव ठरावाच्या बरोबर एकवीस वर्षांनी, हिंदुस्थान आणि अमेरिका यांच्यात तारापूरचा करार झाला. २८ ऑक्टोबर १९६९ ला केंद्राची वीज रीतसर सुरू झाली. दोन्ही भट्ट्यांना इंधन अमेरिकेचे. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधनाच्या जहाजांवरून वकिलांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. १९८२ साली फ्रान्स पुढे आला तेव्हा तो वाद मिटला. वचन, कागद, परवानगी, नकार. फिलिप्सच्या खात्याचे तेच शब्द, फक्त आता दर्यावरच्या आमच्या गावासाठी.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले तेव्हा तो दहावीला पोहोचला होता. शाळा सुटली होती, बोईसरच्या गाडीला अर्धा तास होता. त्याने नीट ऐकले. अणे कोण, ते पुन्हा विचारले. अणे २६ जानेवारी १९६८ ला गेले आणि फिलिप्स त्याच्या पुढच्या महिन्यात, २३ फेब्रुवारीला, हे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दोघे एकमेकांना ओळखत होते?"

"एका शहरात होते, एका महिन्यात," मी म्हटले.

मग त्याने विचारले, "आणि गांधीजींना तो कधी भेटला?"

"नाही."

"कधीच नाही?"

मी मान हलविली. गाडीची घंटा झाली. त्याने दप्तर उचलले आणि पुलाकडे धावत गेला.